अनुभूतीचा तास

डॉ. दीनानाथ बेहेरे यांना अपंगांविषयी फार कळवळा होता. अपंग सोडून बाकी सगळ्यांना तो लगेच जाणवायचा.

पनवेलच्या आमच्या बी.एड. कॉलेजात ते विशेष शिक्षण शिकवत आणि मी गणित अध्यापन पद्धती. म्हणजे अश्रू त्यांच्याकडे, त्रैराशिक माझ्याकडे. त्यांनी पुण्याहून पीएच.डी. केलेली. विषय होता ‘अपंग बालकांविषयी शिक्षकांचा दृष्टिकोन’. त्यासाठी त्यांनी शिक्षकांना प्रश्नावल्या वाटल्या, शिक्षकांनी त्या भरून परत दिल्या, आणि त्यांच्या बेरजा-टक्केवाऱ्या होऊन सर डॉक्टर झाले. या सगळ्या उद्योगात अपंग बालकाची कुठे गरजच पडली नाही.

त्यांचं एक व्याख्यान प्रसिद्ध होतं. त्यात एक आंधळी मुलगी मोगऱ्याचं फूल हुंगून वडिलांना विचारते, ‘बाबा, पांढरा रंग असाच असतो का हो?’ या वाक्याला सरांचा आवाज कापायचा. दरवर्षी याच वाक्याला. मग ते चष्मा काढून पुसायचे आणि पुढच्या बाकावरच्या मुलींचे रुमाल निघायचे. मी पलीकडच्या वर्गात अपूर्णांकांशी झटत असायचे. भिंतीपलीकडे एकदम शांतता पसरली की समजायचं, मोगरा आला.

माझं तोंड फटकळ आहे हे गावाला माहीत आहे, तेव्हा कोणी असं समजू नये की मी मनातल्या मनात कुढत होते. मी त्यांना एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलंही होतं, की सर, ही मुलगी कोणत्या शाळेत होती? ते म्हणाले, “शशिकलाबाई, ती प्रत्येक शाळेत आहे.” मी चहा संपवला आणि उठले.

तर अशा माणसाच्या वर्गात एक्याण्णव सालच्या जूनमध्ये वेणू पोपेटा आली.

वेणू जवळच्या ओवे गावची. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. दोन कुबड्यांवर शरीर तोलून, आधी कुबड्या आणि मग पाय असं टाकत चालायची. सकाळी भाऊ दुधाच्या टेम्पोतून पनवेलला सोडायचा, संध्याकाळी ती स्टँडवरून एसटीनं परत जायची. त्यांच्या घरात आणि बहुधा त्यांच्या आळीतही बी.ए. झालेली ती पहिलीच मुलगी. तळोज्याच्या बाजूला एका शाळेत भूगोलाची जागा रिकामी होत होती, आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला सांगून ठेवलं होतं, बी.एड. होऊन या, जूनमध्ये रुजू व्हा. जूनपुढे मात्र जागा राखता येणार नाही. वेणूचं सगळं वर्ष त्या एका जूनवर टांगलेलं होतं.

सरांनी तिचं स्वागत असं केलं, जणू त्यांचा प्रबंधच चालत वर्गात आला होता. पहिल्याच तासाला त्यांनी तिला पुढे बोलावलं. “ही आपली वेणू. हिच्याकडे नीट बघा,” ते म्हणाले. साठ जणांनी नीट बघितलं. मग सर मऊ आवाजात म्हणाले, “वेणू, तुझं दुःख तुझ्या शब्दांत सांग.” हे मला मितालीनं सांगितलं, सरांच्या लाडक्या विद्यार्थिनीनं. वेणूनं म्हणे थोडा विचार केला आणि म्हणाली, “दुःख असं काय नाय सर. एसटीची पायरी लय उंच हाय.” वर्ग हसला. सरांचा मात्र हिरमोड झाला. एवढ्या तयारीनं मोगऱ्याची जागा करून ठेवावी आणि पुढे एसटीची पायरी यावी!

बी.एड.ला लेखी परीक्षेत सहसा कोणी अडकत नाही. माणूस अडकतो तो पाठात. वर्षभर शेजारच्या हायस्कुलात सराव पाठ घ्यायचे आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर एक वार्षिक पाठ. तो चुकला की वर्ष गेलं. आणि या पाठांची आमच्याकडे एक रीत होती. पाठ सुरू होण्याआधी वर्गातली खुर्ची उचलून बाहेर ठेवायची. शिकवणारा बसलेला दिसता कामा नये. ही रीत कोणी घातली ते ठाऊक नाही, पण देवळातल्या सोवळ्यासारखी ती पाळली जायची.

वेणूला फळ्यावर लिहायला एक हात मोकळा हवा. म्हणून ती टेबलाच्या कडेला टेकायची. सर मागे बसून प्रत्येक पाठाला तिचे गुण कापायचे. शेरा ठरलेला, शिक्षक बसला की वर्ग झोपतो. मी भांडायला गेले. मला म्हणाले, “सवलत हा अपमान असतो, शशिकलाबाई. मी तिला समान वागणूक देतो आहे.” आणि ही समान वागणूक देणारे सर तिच्या निबंधाला वीसपैकी एकोणीस देत. वेणूच मला एकदा म्हणाली, “मॅडम, माज्या निबंधाची मधली दोन पानं घरीच राहिली होती. तरी एकोनीस. खाली लिवलंय, धन्य!” ती हसत होती, पण मला काही हसू आलं नाही. निबंध न वाचता गुण द्यायचे आणि पाठ बघताना पाय मोजायचे, असा एकूण हिशेब.

हळूहळू तिनं तिची पद्धत बसवली. कंबर टेबलाला लावायची, एक कुबडी काखेत, दुसरी फळ्याला टेकवून ठेवलेली. नकाशे घरून काढून आणायचे. दिवाळीनंतर सरांना कापायला फारसं काही सापडेना.

फेब्रुवारीत वार्षिक पाठ लागले. वेणूचा पाठ ज्या दिवशी होता, नेमक्या त्याच दिवशी सरांनी पाहुणे बोलावून ठेवले होते. दिल्लीच्या कुठल्याशा समितीचे सभासद, मुंबईचे दोन अधिकारी. सरांना त्या समितीवर जायचं होतं, हे कॉलेजातल्या मांजरालाही माहीत होतं. पाहुण्यांसाठी त्यांनी एक कार्यक्रम बसवला होता, ‘अपंगत्वाची अनुभूती’. धडधाकट विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या, कानांत कापसाचे बोळे घालायचे, काहींना कुबड्यांवर चालवायचं, आणि मग त्यांनी माइकवर येऊन सांगायचं की आज माझे डोळे उघडले. कुबड्या एका दवाखान्यातून मागवल्या होत्या. त्या आल्या लहान मुलांच्या. मोठ्यांसाठी हव्यात, हे सांगायचं राहिलं होतं.

ही कुबड्यांची भानगड मला नंतर कळली. तिसरा तास निम्मा होत आला तेव्हा मी हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये शिरले, तर वेणू बाकावर बसलेली. इस्त्रीची साडी, मांडीवर नकाशाची गुंडाळी, नजर दाराकडे.

“अगं, तास सुरू झाला ना तुझा?”

“कुबड्या नाहीत मॅडम.”

“नाहीत म्हणजे?”

“बेहेरे सरांनी मागवल्या. मिताली आली होती न्यायला. पाच मिन्टांत आनते म्हनली. दुसरा तास चालू होता तेव्हा.”

“आणि तू दिल्यास?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “सरांनी मागितल्यावर नाय कशी म्हनू? मार्क त्यांच्याच हातात हायेत.”

मी म्हटलं, चल, मी धरते तुला, शिपायाला हाक मारते. ती मान हलवत राहिली. “उचलून नका नेऊ मॅडम. आठवीची पोरं हायेत. एकदा त्यांनी मला उचललेली बघितली ना, मग कसला पाठ न्‌ कसलं काय.” बोलताना तिचा आवाज कापत होता. हा आवाज खरोखर कापत होता, चष्मा पुसायची सोय नसलेला.

मैदान ओलांडून मी कॉलेजच्या हॉलमध्ये गेले. पळत गेले म्हटलं तरी चालेल. पन्नाशीच्या बाईला साडीत जितकं पळता येतं तितकं. हॉलमध्ये आंधळ्यांचा आणि बहिऱ्यांचा नुसता बाजार भरला होता. पट्ट्या बांधलेली पोरं एकमेकांवर आपटून खिदळत होती. स्टेजवर एक जाडजूड पाहुणे वेणूच्या कुबड्या काखेत घेऊन उभे होते. त्यांनी दोन पावलं टाकली, थांबले आणि म्हणाले, “बाप रे!” टाळ्या पडल्या. फोटोग्राफरनं त्यांना तीच दोन पावलं पुन्हा टाकायला लावली. सर माइकवर सांगत होते की ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी सरळ स्टेजवर चढले. “त्या कुबड्या द्या इकडे.”

पाहुणे अगदी सौजन्यानं म्हणाले, “हो हो, तुम्हीही घ्या ना अनुभव. फार वेगळं वाटतं.”

“शशिकलाबाई,” सर माइकवर हात ठेवून म्हणाले, “जरा रांगेनं. आधी पाहुण्यांचं होऊ दे.”

“ज्या मुलीच्या या कुबड्या आहेत तिचा वार्षिक पाठ चालू व्हायचाय. ती तिथं बाकावर बसून आहे.”

पाहुण्यांनी कुबड्या अशा सोडल्या की जणू तापलेल्या होत्या. निदान त्या माणसाला लाज होती. मी त्या उचलून पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात मागून माइकवर आवाज आला, “पाहिलंत? आमचे सहकारीसुद्धा विषयाशी किती समरस झाले आहेत!” आणि पुन्हा टाळ्या. निर्लज्जपणालाही काही माप असतं असं मी तोवर समजत होते.

वेणू कुबड्या काखेत मारून निघाली. वर्ग पॅसेजच्या टोकाला होता. आम्ही अर्ध्यावर पोचलो आणि तास संपल्याची घंटा झाली.

वर्गाच्या दारात बाहेरचे परीक्षक उभे होते. धर्मराज सुर्वे, अलिबागचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. धोतर, कोट, हातात घड्याळ. एक अख्खा तास त्यांनी बिनशिक्षकाच्या वर्गावर बसून काढला होता आणि त्यांची दुपारची एसटी होती. मी घडलं ते सांगायला लागले तसा त्यांनी हात वर केला.

“बाई, तुम्ही या पाठाला परीक्षक नाही. पाठ बुडाला तर मी गैरहजर धरतो. कारण काय ते अंतर्गत परीक्षकांनी मला सांगायचं, मग मी ठरवतो. कोण आहेत अंतर्गत?”

अंतर्गत परीक्षक होते डॉ. बेहेरे. दुसरं कोण असणार! म्हणजे तो तास त्यांनीही वर्गात बसायचं होतं.

शिपाई गेला आणि सर आले. छातीवर स्वागताचा गुलाब तसाच होता. वेणूकडे त्यांनी बघितलं नाही. सुर्व्यांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि तोच तो मऊ आवाज लावला. “सुर्वेसाहेब, आपण जाणते आहात. मुलगी अपंग आहे. तिच्या प्रकृतीमुळे उशीर झाला. अशा विद्यार्थ्यांकडे आपण सहानुभूतीनं पाहायला हवं. माझं तर मत आहे, पाठ न घेताच तिला पास करावं. मी माझे गुण द्यायला तयार आहे. भरपूर देतो.”

मला वाटलं, याच्या थोबाडीत मारावी. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, मला वाटलं, बरं झालं. सुटली पोरगी. पाठ बुडाला तर बुडू दे, जून हातचा गेला नाही म्हणजे झालं.

सुर्व्यांनी हात सोडवून घेतला आणि वेणूकडे वळले. “काय गं मुली? पायांचा त्रास झाला का?”

फक्त हो म्हणायचं होतं. तोंडानं म्हणायचीही गरज नव्हती, मान हलवली असती तरी भागत होतं. सर तिच्याकडे बघून हसत होते, देवळाबाहेरच्या माणसाला रुपया टाकल्यावर हसतात तसे. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण हो, पोरी, म्हणून टाक.

“नाय सर,” वेणू म्हणाली. “पाय सकाळपासून हेच हायेत. सकाळी मी येळेवर आली होती.”

तिनं काखेतली एक कुबडी जरा पुढे केली.

“कुबड्या बेहेरे सरांनी नेल्या होत्या. कार्यक्रमाला.”

“वेणू, तू भावनेच्या भरात बोलते आहेस,” सर म्हणाले. “तुझ्यासाठी या कॉलेजात मी काय काय केलं ते—”

“कुबड्या नेल्या होत्यात का?” सुर्व्यांनी विचारलं.

“पाच मिनिटांसाठी. पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. अपंगत्वाची जाणीव समाजात—”

“तेवढ्या वेळात ही कशावर चालणार होती?”

सर गोंधळले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांना शब्द सापडत नाहीत असं प्रथमच पाहत होते. हे नाटक नव्हतं. त्यांना खरोखरच कोणी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही. शेवटी ते जे बोलले ते अगदी मनापासून बोलले.

“पण ती तर बसलेलीच होती.”

सुर्व्यांनी घड्याळ कोटाच्या खिशात टाकलं. “डॉक्टरसाहेब, तुमचे पाहुणे खोळंबले असतील. तुम्ही जा. अंतर्गत परीक्षक म्हणून या बाई बसतील, प्राचार्यांशी मी बोलतो. आठवीचा हा तास कोणाचा आहे त्यांना सांगा, मला वर्ग हवा आहे.” आणि वेणूला म्हणाले, “चला पोपेटाबाई. विषय कुठला?”

“भूगोल सर. कोकनातल्या नद्या.”

ती पुढे निघाली. आधी कुबड्या, मग पाय. सुर्वे तिच्या मागे, मी सुर्व्यांच्या मागे, आणि एसटी गाठायची असलेला तो माणूस पॅसेजभर तिच्या चालीनं चालला. डॉक्टर तिथंच उभे होते. आज हे ऐकून कोणाला त्यांची कीव येईल कदाचित. मला आली नाही.

आता पाठ कसा झाला ते सांगते. लोकांना वाटतं, एवढं सगळं झाल्यावर पोरीनं वर्ग गाजवला असेल. छे. आधीच्या प्रकारानं ती हादरलेली होती. सुरुवात बरी केली, “तुमी कुठली नदी बघितली?” असं विचारून. पोरं ओरडली, गाढी, काळुंद्री. मग तिनं भाषा सावरली आणि भाषेबरोबर वेगही वाढला. नकाशा तिरका लागला. सावित्री आणि कुंडलिका दाखवताना हात चुकला, एका पोरानं चूक काढली, तिनं ती कबूल करून दुरुस्त केली. ते मला आवडलं. मागच्या बाकावरची दोन पोरं पूर्ण वेळ गप्पा मारत होती, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. सारांश घ्यायच्या आत घंटा झाली. पाठभर ती टेबलाला टेकून होती आणि सुर्व्यांनी एकदाही त्याबद्दल भुवई उचलली नाही.

सुर्व्यांनी बेताचे गुण दिले. मी त्यांच्यापेक्षा दोन कमी दिले, कारण मागच्या बाकाकडे लक्ष न देणं मला खपत नाही. दोन्ही मिळून ती पास होत होती आणि जूनची नोकरी जागेवर होती. पण गुण आधी सांगायची मुभा नसते.

ती पॅसेजमध्ये खांबाला टेकून थांबली होती. कपाळावर घाम, हाताला खडू. मैदानापलीकडे सरांचा माइक अजून चालू होता, आभारप्रदर्शन बहुधा.

“मॅडम, कसा झाला पाठ?”

“मध्यम,” मी म्हटलं. “नकाशा तिरका लावलास. मागच्या बाकावर दोघं बडबडत होते, तुला पत्ता नाही. सारांश राहिला तो राहिलाच. कुंडलिका चुकलीस, पण सावरलंस ते चांगलं केलंस.”

वेणू ऐकत होती. मला वाटलं, आता रडते की काय. सकाळपासून तिचे जे हाल झाले होते ते बघता जरा गोड बोलायला काय हरकत होती, असंही मला क्षणभर वाटलं. पण तिचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

“म्हंजे मॅडम,” ती म्हणाली, “तुमी पाठ बघितलात.”